एसीचा गॅस 'संपत' नाही: दुरुस्तीचं बिल भरण्याआधी काय विचारायचं

"मॅडम, गॅस कमी झालाय." ठाण्यात आमच्याकडे दोन एसी आहेत आणि आईकडे एक. गेल्या चौदा वर्षांत हे वाक्य मी कितीदा ऐकलं त्याची मोजदाद नाही. "दर उन्हाळ्याआधी गॅस भरून घेतलेला बरा," असं सांगणारे शेजारीही भेटतात. हा सल्ला साफ चुकीचा आहे. गाडीतल्या पेट्रोलसारखा एसीचा गॅस जळत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. दुरुस्तीवर वाया जाणारा सगळ्यात मोठा पैसा इथेच जातो, म्हणून बाकीच्या पायऱ्या थोडक्यात आटपते.

१. फोन करण्याआधी

फिल्टर काढून धुवा. आउटडोअरच्या, म्हणजे घराबाहेर बसवलेल्या भागाच्या, जाळीवर बसलेली धूळ, कबुतरांची घरटी काढून टाका. रिमोट 'कूल'वर आहे ना, ते बघा. मग वॉरंटी कार्ड शोधा. बऱ्याच कंपन्या कंप्रेसरला (गॅस दाबून फिरवणारा आउटडोअरमधला पंप) दहा वर्षं आणि पीसीबीला (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) पाच वर्षांपर्यंत वॉरंटी देतात, आणि बाहेरच्या माणसाने मशीन उघडलं तर ती नाकारली जाऊ शकते. वॉरंटीत कंप्रेसर फुकट मिळाला तरी गॅस, मजुरी आणि वाहतूक बहुधा आपल्याच माथी येते. हा आकडा आधी विचारून घ्या.

२. मेकॅनिक आल्यावर

व्हिजिट चार्ज किती आणि दुरुस्ती करून घेतली तर तो बिलातून वजा होणार का, हे फोनवरच ठरवा. इनडोअरमधून पाणी गळत असेल तर बहुतेक वेळा ड्रेन पाइप तुंबलेला असतो. ते काम सर्व्हिसिंगमध्येच होतं, वेगळे पैसे देऊ नका. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर (कंप्रेसरचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा) नसलेल्या एसीत आउटडोअरचा पंखा फिरतोय पण कंप्रेसर सुरू होत नाही, तर आधी कपॅसिटर (कंप्रेसर सुरू व्हायला विजेचा जोर देणारा छोटा भाग) तपासायला सांगा. हे काम हजाराच्या आसपास आटोपतं. ते न तपासता कोणी थेट "कंप्रेसर गेला" म्हणत असेल, तर दुसरा माणूस बोलवा. कपॅसिटरला स्वतः हात मात्र लावू नका, वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो.

३. "गॅस कमी आहे" म्हटलं तर

माझं स्वतःचं नुकसान इथेच झालं. बेडरूमचा दीड टनी एसी सलग तीन एप्रिल गॅस भरून घेत होता. दर वेळी २,८०० रुपये, म्हणजे एकूण ८,४००. दिवाळीपर्यंत खोली थंड व्हायची, मग हवा नुसती गार लागायची. तिन्ही वेळा माणसाने आउटडोअरच्या नटांवर साबणाचा फेस लावला, बुडबुडे दिसले नाहीत, "लीकेज नाही" म्हणाला आणि सिलिंडर जोडला. चौथ्या वर्षी एका वयस्कर मेकॅनिकने इनडोअर भिंतीवरून थोडा पुढे ओढला आणि मागच्या पाइपवरची काळी टेप सोडली. आतल्या फ्लेअर नटाभोवती (पाइपचं फुलवलेलं तोंड आवळून धरणारा नट) तेलकट, धूळ चिकटलेला डाग होता. गॅससोबत कंप्रेसरचं तेलही फिरत असतं. जिथून गॅस निसटतो, तिथे थोडं तेल मागे राहतं. पाइपचं तोंड बसवतानाच वाकडं फुलवलं होतं. नवीन फ्लेअर, नायट्रोजन टेस्ट, व्हॅक्यूम आणि पूर्ण गॅस, सगळं मिळून ४,२०० रुपये लागले. त्यानंतरच्या पाच उन्हाळ्यांत त्या मशीनमध्ये गॅस भरावा लागलेला नाही.

तेव्हापासून मी काही गोष्टींवर अडून बसते, आणि तुम्हीही बसा.

पहिली, इनडोअरच्या कॉइलवर (गॅस फिरणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) बर्फ जमला म्हणजे गॅसच कमी, हे मान्य करू नका. घाणेरडा फिल्टर किंवा मंद चालणारा इनडोअरचा पंखा असेल तरीही बर्फ जमतो. आधी धुलाई, मग निदान. इन्व्हर्टर एसीत तर कंप्रेसरचा वेग बदलेल तसं गेजवरचं (दाब मोजायच्या मीटरवरचं) प्रेशरही बदलतं. एकदा गेज लावून "इतका गॅस कमी" असं ग्रॅममध्ये कोणी सांगू शकत नाही.

दुसरी, गळतीची जागा डोळ्यांनी दाखवायला सांगा. इनडोअरचे दोन नट, आउटडोअरचे दोन नट, सर्व्हिस वॉल्व्हची (जिथून गॅस भरतात त्या तोंडाची) पिन, पाइप एकमेकांना किंवा पत्र्याला घासतात त्या जागा आणि दोन्ही कॉइलची वळणं, एवढं सगळं तपासायला हवं. फेसाने सापडलं नाही तर नायट्रोजन भरून प्रेशर लावायचं आणि गेजचा काटा उतरतो का ते बघायचं. नायट्रोजनचा सिलिंडर नाही म्हणून कोणी ऑक्सिजनचा आणला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कंप्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. हवा भरून प्रेशर तपासणंही मला मान्य नाही. हवेतला ओलावा आत जातो आणि बऱ्याच नव्या एसींत असणारा आर-३२ गॅस स्वतःच थोडा ज्वलनशील आहे.

तिसरी गोष्ट व्हॅक्यूमची, आणि सगळ्यात जास्त टाळाटाळ इथेच होते. सिस्टीम एकदा उघडली की आत हवा आणि बाष्प शिरतं. ते पंपाने ओढून काढलं नाही तर ओलाव्याने तेल बिघडतं, आम्ल तयार होतं आणि कंप्रेसरच्या मोटरची वाइंडिंग (तारांची गुंडाळी) खराब होत जाते. दोन वर्षांनी तो कंप्रेसर गेला की या व्हॅक्यूमची आठवणही कोणाला राहत नाही. "थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढतो" हे चालवून घेऊ नका. जुन्या फ्रिजच्या कंप्रेसरचा केलेला पंप पुरेसं खोल व्हॅक्यूम देत नाही. खरा व्हॅक्यूम पंप हवा, तो निदान वीस-तीस मिनिटं चालायला हवा आणि बंद केल्यावर काटा जागेवर राहायला हवा. मी घड्याळ लावून शेजारी उभी राहते. त्याचा कोणाला राग आला तरी चालेल.

चौथी, गॅस वजनावर भरून घ्या. आउटडोअरच्या पट्टीवर गॅसचा प्रकार आणि वजन छापलेलं असतं. आमच्या एका मशीनवर आर-३२, ७९० ग्रॅम असं आहे. सिलिंडर काट्यावर ठेवून तेवढाच भरायचा. जुन्या मशीनमध्ये आर-२२ हा जुना गॅस असेल तर हिशेब वेगळा होतो. ओझोन थराला घातक असल्यामुळे १९८७च्या माँट्रियल कराराखाली तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. अशा मशीनवर मी एक गळती दुरुस्त करून घेईन, दुसरी नाही. आणि आर-२२च्या मशीनमध्ये आर-३२ भरू देऊ नका, त्याचं प्रेशर बरंच जास्त असतं.

४. मोठी बिलं

माझ्या आणि इमारतीतल्या शेजाऱ्यांच्या पावत्यांवरून ठाण्यातले साधारण दर असे: धुलाईची सर्व्हिस ५०० ते ९०० रुपये, पीसीबी दुरुस्ती १,५०० ते ३,०००, इन्व्हर्टरची नवीन पीसीबी ५,००० ते १२,०००, नवीन कॉइल ७,००० ते १२,०००, कंप्रेसर गॅससकट १०,००० ते १८,०००. एप्रिल-मे सोडून फेब्रुवारीत काम काढलं तर घासाघीस करता येते आणि माणूस घाईतही नसतो.

कॉइल पाइपला घासून एका जागी फुटली असेल तर वेल्डिंग करून घ्या, ते टिकतं. पण आउटडोअर नाल्यावर किंवा खाडीच्या बाजूला असेल आणि तांबं काळं पडून ठिकठिकाणी खाल्लं गेलं असेल, तर ठिगळ लावू नका. गटाराच्या वायूने ते असं होतं. आज एक भोक बुजवाल, दोन महिन्यांत शेजारी दुसरं पडेल आणि दर वेळी पूर्ण गॅसचे पैसे जातील. मशीन आठ-दहा वर्षांचं असेल आणि कॉइल किंवा कंप्रेसरचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल, तर मी नवीन घेते. सप्टेंबर २०२५पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, तेही हिशेबात धरा.

५. पैसे देताना

पक्की पावती घ्या. त्यावर गळती कुठे होती, गॅस कोणता, किती ग्रॅम आणि कामाची गॅरंटी किती दिवसांची, हे लिहून घ्या. काढलेला जुना भाग ताब्यात घ्या. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण पावतीशिवाय तिथे आपली बाजू मांडणं अवघड जातं.

माणूस जाण्याआधी एसी वीस मिनिटं चालवून, इनडोअरमध्ये वरून शिरणाऱ्या आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान साध्या डिजिटल थर्मामीटरने मोजा. आठ ते बारा अंशांचा फरक यायला हवा. तो आकडा आणि तारीख इनडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. महिन्याभराने पुन्हा मोजा. फरक घटलेला दिसला आणि फिल्टर स्वच्छ असेल, तर गॅरंटीच्या मुदतीतच फोन करा.