फुकट वाचता आलं म्हणजे ओपन अ‍ॅक्सेस झालं का? या चुका टाळा

आमच्या ग्रंथालयात एम.ए.ची एक विद्यार्थिनी आली. एका शोधनिबंधाचा मराठी अनुवाद तिला विभागाच्या अंकात छापायचा होता. "सर, ओपन अ‍ॅक्सेसच आहे, म्हणजे सगळ्यांसाठी खुला," ती म्हणाली. पीडीएफ उघडली, तर पहिल्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत परवाना: सीसी बाय-एनसी-एनडी. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, लेखन कसं वापरता येईल हे आधीच सांगणारे तयार परवाने. एनडी असलं की मजकूर बदलून प्रसिद्ध करता येत नाही, आणि अनुवाद हा बदलच धरला जातो. अंक थांबला, परवानगीसाठी पत्र गेलं. सीसी बाय असतं, तर मूळ लेखकाचा उल्लेख करून, अनुवाद असल्याचं सांगून लगेच छापता आलं असतं.

चूक तिची एकटीची नाही, व्याख्याच एक नाही. ओपन अ‍ॅक्सेसची व्याख्या करणाऱ्या फेब्रुवारी २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात वाचणं, उतरवून घेणं, प्रती काढणं, वाटणं, संगणकाकडून मजकूर तपासून घेणं हे सगळं मोकळं आहे. अनुवादाचा मात्र वेगळा उल्लेख नाही. २००३ च्या बेथेस्डा आणि बर्लिन जाहीरनाम्यांनी मूळ लेखनावर आधारित नवं काम करून प्रसिद्ध करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली, शिवाय लेखाची प्रत ऑनलाइन भांडारात ठेवण्याची अटही घातली. मराठीत ज्ञान आणायचं असेल, तर आपल्यासाठी हा फरक फार मोलाचा आहे. प्रत्यक्षात अनेक प्रकाशक नुसतं वाचायला मिळालं तरी त्याला ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात.

सध्या सर्रास दिसणारी दुसरी चूक म्हणजे 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला ओपन अ‍ॅक्सेस समजणं. १ जानेवारी २०२५ पासून सरकारी शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं मिळू लागली, पण ती वर्गणीच आहे, फक्त सरकारने भरलेली. तुमच्याकडे उघडणारी लिंक गावाकडच्या मित्राकडे उघडेलच असं नाही.

लेखकाने पैसे भरले तरच ओपन अ‍ॅक्सेस, हाही गैरसमज. डायमंड पद्धतीची नियतकालिकं लेखकाकडूनही काही घेत नाहीत. डीओएजेच्या, म्हणजे ओपन अ‍ॅक्सेस नियतकालिकांच्या ऑनलाइन सूचीच्या, यादीत नियतकालिक सापडलं नाही म्हणून लेख खुला नाही असंही ठरवू नका. ती यादी हायब्रिड, म्हणजे वर्गणीची पण काही लेख खुले ठेवणारी, नियतकालिकं घेतच नाही.

लेखात परवान्याची ओळच सापडली नाही, तर सर्व हक्क राखीव धरा. असा फुकट वाचता येणारा, पण परवाना नसलेला 'ब्राँझ' लेख प्रकाशक उद्या कुलूपबंदही करू शकतो. म्हणून स्वतःच्या वाचनासाठी पीडीएफ आजच उतरवून घ्या आणि वर्गाच्या ग्रुपवर फाइलऐवजी लिंक पाठवा.