पोस्टग्रेसच्या फुल टेक्स्ट सर्चमध्ये अ‍ॅक्सेंटची अक्षरं कशी हाताळायची

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘ओ’वर सर्कमफ्लेक्स (टोपीसारखी खूण) असलेला फ्रेंच शब्द ‘ओतेल’ आहे, शोधणारा साधा ‘ओ’ टाइप करतो आणि निकाल रिकामा येतो. यावरचा उपाय म्हणजे ‘अनअ‍ॅक्सेंट’ हे एक्स्टेन्शन, म्हणजे अक्षरांवरची अशी चिन्हं काढणारा जोड-भाग. ‘क्रिएट एक्स्टेन्शन’ चालवून ते बसवा. आवृत्ती १३ पासून त्याला सुपरयूजर (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) लागत नाही, डेटाबेसवर क्रिएटचा अधिकार पुरतो.

मग ‘फ्रेंच’ कॉन्फिगरेशनची (कोणत्या शब्दावर काय प्रक्रिया करायची याच्या मांडणीची) नक्कल नव्या नावाने करा. मूळ कॉन्फिगरेशनला हात लावू नका. नकलेत ‘ऑल्टर मॅपिंग’ने ‘वर्ड’, ‘एचवर्ड’ आणि ‘एचवर्ड_पार्ट’ या तीन टोकन-प्रकारांना (मजकुरातून सुट्या केलेल्या शब्दांच्या प्रकारांना) आधी अनअ‍ॅक्सेंट, मागून फ्रेंच_स्टेम अशा डिक्शनऱ्या (शब्दाचं रूप बदलणारे टप्पे) जोडा. निव्वळ अ‍ॅस्की (बिनचिन्हाच्या इंग्रजी अक्षरांच्या) शब्दांचे टोकन-प्रकार वेगळे असतात, ते आहेत तसे राहू द्या. क्रम मात्र उलटा नको: स्टेमर (शब्दाला मूळ रूपाकडे नेणारा फ्रेंच_स्टेम) समोर येईल तो शब्द स्वतःकडेच ठेवतो, त्यामुळे अनअ‍ॅक्सेंटपर्यंत काही पोचतच नाही.

या क्रमाची एक किंमत आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फ्रेंच स्टॉपवर्डच्या (शोधात वगळायच्या नेहमीच्या शब्दांच्या) यादीत ‘मेम’ सर्कमफ्लेक्ससकट लिहिलेला आहे. अनअ‍ॅक्सेंट ते चिन्ह आधीच काढून टाकतो, मग शब्द यादीशी जुळत नाही आणि इंडेक्समध्ये शिरतो. म्हणून स्टॉपवर्डच्या फाइलची प्रत काढून तिच्यात बिनचिन्हाची रूपंही घाला, स्नोबॉल या स्टेमरच्या टेम्प्लेटवरून ती फाइल वापरणारी नवी डिक्शनरी बनवा आणि फ्रेंच_स्टेमच्या जागी तीच जोडा.

जर्मनसाठी अनअ‍ॅक्सेंटचे तयार नियम तपासूनच घ्या. त्यांत उम्लाउटवाल्या (वर दोन टिंबं असलेल्या) ‘ओ’चा नुसता ‘ओ’ होतो, पण लोक ‘ओ-ई’ अशी दोन अक्षरंही टाइप करतात. तसं हवं असेल तर नियमांच्या फाइलची प्रत बदला आणि अनअ‍ॅक्सेंट टेम्प्लेटवरून वेगळी डिक्शनरी करा. फाइल यूटीएफ-८ मध्येच हवी. चालू सेशन ही फाइल एकदाच वाचतं. पुढे तिच्यात बदल केलात तर ‘ऑल्टर टेक्स्ट सर्च डिक्शनरी’ चालवल्याशिवाय तो त्या सेशनला दिसत नाही.

टू_टीएसव्हेक्टर (मजकुरासाठी) आणि टू_टीएसक्वेरी (शोधासाठी) या दोन्ही फंक्शनांना नव्या कॉन्फिगरेशनचं नाव स्पष्ट द्या. जुना डेटा आपोआप बदलत नाही: एक्स्प्रेशन इंडेक्स (फंक्शनच्या निकालावर बांधलेला) असेल तर रीइंडेक्स करा, साठवलेला कॉलम असेल तर तो पुन्हा भरा. शंका आली की आधी ‘टीएस_डीबग’ला तो शब्द द्या, त्याचा टोकन-प्रकार कोणता आणि त्याला कोणत्या डिक्शनऱ्या जोडल्या आहेत, हे लगेच समोर येतं; शेवटी काय लेक्सीम (इंडेक्समध्ये जाणारं रूप) निघालं, ते मात्र टू_टीएसव्हेक्टरने बघा.