नोकरी गेली? ईएसआयचं कार्ड अजून चालू असेल, आधी ते तपासा

नोकरी सुटली की बहुतेक कामगार ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कार्ड कपाटात टाकतात आणि आजारपणाला उसनवारी करतात. एकवीस हजारांपर्यंत पगार होता आणि पगार पावतीवर ०.७५ टक्के कपात दिसत होती, तर घाई करू नका.

आधी राजीनाम्याचा प्रश्न. 'राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच करतो' असं एचआर म्हणाला तरी कामगार कपात होत असताना स्वतःहून सही करू नका. कंपनी ईएसआयच्या पोर्टलवर नोकरी संपल्याचं कारण भरते. तिथे 'कपात' पडली की 'नोकरी सोडली', यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

मग तारखांचा हिशेब. पगारातून कापली जाणारी ती रक्कम म्हणजे ईएसआयची वर्गणी. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या वर्षी जानेवारी ते जून उपचार मिळतात. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर लगेचच्या जुलै ते डिसेंबरमध्ये. अट एवढीच, की त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा हवी. समजा, ऑगस्टअखेर काम सुटलं. मागच्या सहामाहीचे ७८ दिवस भरले असतील तर डिसेंबरपर्यंत दवाखाना चालू. एप्रिल ते ऑगस्टमध्येही ७८ भरले असतील तर थेट पुढच्या जूनपर्यंत, तेही घरच्यांसकट. पोर्टलवर लॉगिन करून जमा दिवस मोजा. काँट्रॅक्टरकडे होतात तर नक्कीच मोजा. पगारातून कापलेले पैसे भरलेच नाहीत, असंही होतं.

कारखाना बंद पडला किंवा कपातीत नाव गेलं असेल आणि किमान दोन वर्षांची वर्गणी असेल, तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा अर्ज द्या. २००५ पासूनच्या या योजनेत पहिलं वर्ष निम्मा आणि दुसरं वर्ष पाव पगार भत्ता मिळतो आणि त्या काळात कुटुंबाचे उपचार चालू राहतात. राजीनामा दिलेल्यांना ती नाही. म्हणून सुरुवातीलाच सहीचं सांगितलं.

कार्डाची मुदत संपत आली की राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, हप्ता काही नाही, आणि आता पांढरं रेशनकार्डही चालतं. योजनेतल्या रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, काउंटर गाठा; ॲडव्हान्स भरून मग विचारू नका. मात्र ही योजना ठरावीक शस्त्रक्रिया आणि भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत, ईएसआयच्या दवाखान्यात मिळतात. त्यामुळे राहिलेल्या तपासण्या, चष्म्याचा नंबर, लांबवलेलं ऑपरेशन कार्ड चालू आहे तोवरच उरकून घ्या.

फुले योजनेसाठी लागणारं रेशनकार्डही एवढ्यात काढून बघा. नव्या सुनेचं किंवा बाळाचं नाव चढलं नसेल, तर तहसीलच्या पुरवठा शाखेत आजच अर्ज द्या.