संरक्षण खर्चाचा आकडा कसा वाचायचा

दर वर्षी १ फेब्रुवारीला दुपारपर्यंत आमच्या उद्योजकांच्या ग्रुपवर एकच आकडा फिरायला लागतो. संरक्षणाला इतके लाख कोटी! निम्म्यांची छाती फुगते, उरलेले एवढ्यात किती शाळा झाल्या असत्या याचा हिशेब मांडतात. आकड्याच्या आत मात्र कोणी डोकावत नाही.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी, एक सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर धातू कापणारी यंत्रं. विमानांचे भाग करणाऱ्या मोठ्या पुरवठादारांचं जॉबवर्क आम्ही करतो, म्हणजे साखळीतली तिसरी-चौथी कडी. त्यामुळे हा आकडा माझ्या पोटापाण्याचा आहे आणि तो वाचायची माझी एक रीत ठरून गेली आहे. एमपीएससी करणाऱ्या भाच्याला समजावलं होतं, तेच इथे लिहिते.

आधी बेरीज मोडा

उदाहरणाला २०२५-२६ चा अर्थसंकल्प घ्या. संरक्षण मंत्रालयाची तरतूद ६,८१,२१० कोटी रुपये. याचे चार भाग असतात आणि प्रत्येकाचा अर्थव्यवस्थेवरचा परिणाम वेगळा. पगार, इंधन, दारूगोळा, देखभाल यांचा महसुली खर्च ३,११,७३२ कोटी. पेन्शन १,६०,७९५ कोटी. नवी विमानं, जहाजं, तोफा यांसाठीचा भांडवली खर्च १,८०,००० कोटी. उरलेल्या २८,६८२ कोटींत सीमा रस्ते संघटना, तटरक्षक दल वगैरे येतात.

पेन्शन आणि भांडवली खर्च यांचे आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. फरक वीस हजार कोटींच्या आतला. बातमीत ‘शस्त्रांवर पावणेसात लाख कोटी’ असं वाचलंत, तर बातमीदाराने बेरीज मोडलेली नाही हे लगेच कळेल.

पेन्शन म्हणजे वाया गेलेला पैसा, असं बरेच जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. पेन्शनचा रुपया देशातच उतरतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे घराघरातून फौजेत माणसं गेली, तिथे तो घराच्या स्लॅबमध्ये, मुलांच्या फीमध्ये, किराणा दुकानाच्या उधारीत जातो. मागणी वाढते, तीही लगेच. पण त्यातून नवी क्षमता उभी राहत नाही: कारखाना नाही, कौशल्य नाही. भांडवली खर्चाचं बरोबर उलट. तो क्षमता उभी करू शकतो, मात्र पैसा देशात उतरला तरच. ‘तरच’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग दोनदा भागा

एकदा केंद्राच्या एकूण खर्चाने, एकदा जीडीपीने. ६.८१ लाख कोटी हे ५०.६५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पाचे साधारण साडेतेरा टक्के, आणि जीडीपीच्या १.९ टक्के. पहिला आकडा दिल्लीच्या तिजोरीवरचा ताण सांगतो, दुसरा देशावरचा. टीव्हीवरच्या चर्चेत ज्याला जो सोयीचा, तो तो घेतो.

जगभरातला लष्करी खर्च मोजणाऱ्या स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेचा आकडा घेतलात तर २०२४ साठी भारताचा खर्च ८६ अब्ज डॉलर, जगात पाचवा, आणि जीडीपीच्या २.३ टक्के दिसेल. गोंधळू नका. सिप्री निमलष्करी दलंही मोजते, आपल्याकडे ती गृहखात्याच्या खात्यावर असतात. चीन-पाकिस्तानशी तुलना करायची तर सगळे आकडे सिप्रीचेच घ्या. एक आपला आणि एक त्यांचा असं नको.

वाढीचंही तसंच. २०२४-२५ च्या मूळ तरतुदीपेक्षा ही तरतूद साडेनऊ टक्क्यांनी जास्त. त्यातून महागाई वजा करा. शिवाय २०२४ च्या सुरुवातीला ८३ च्या आसपास असलेला डॉलर वर्षभराने ८७ ला टेकला होता. बाहेरून घ्यायच्या मालापुरती वाढ तिथेच बरीचशी विरली.

तरतूद म्हणजे खर्च नव्हे

ही पायरी लोक हमखास गाळतात. तीन रकाने बघायचे: अर्थसंकल्पीय अंदाज (वर्षाआधी ठरवलेला), सुधारित अंदाज (वर्षाच्या शेवटाकडे बदललेला), प्रत्यक्ष (खरंच खर्च झालेला). २०२४-२५ मध्ये भांडवली खर्चाला १,७२,००० कोटी दिले होते, सुधारित अंदाजात ते १,५९,५०० कोटींवर आले. साडेबारा हजार कोटींचं काम त्या वर्षात झालंच नाही. करार लांबतात, चाचण्या लांबतात, पुरवठा अडतो.

दिल्लीत ती एक ओळ असते. इथे त्याचा अर्थ असा, की मोठ्या पुरवठादाराचं शेड्यूल तीन महिने पुढे सरकतं, माझी एक मशीन झाकून ठेवावी लागते आणि बँकेकडून खेळत्या भांडवलासाठी घेतलेल्या कर्जाचं (कॅश क्रेडिटचं) व्याज मात्र चालूच राहतं. म्हणून नुसत्या तरतुदीवर भरवसा ठेवून मी कधी नवी मशीन बुक करत नाही. ऑर्डरवर सही झाली का, ॲडव्हान्स सुटला का, हे आधी बघते.

रुपया कुठे उतरतो, त्याचा माग काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

२०१६ साली ३६ राफेल विमानांचा करार झाला, सुमारे ७.८ अब्ज युरोंचा. विमानं तयार होऊन आली, मुख्य पैसा फ्रान्सला गेला, निम्म्या रकमेची कामं ऑफसेट म्हणून, म्हणजे विकणाऱ्याने बदल्यात द्यायची म्हणून, भारतात यावीत अशी अट होती. आता दुसरा करार बघा. डिसेंबर २०२४, एचएएलला (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) १२ सुखोई-३० एमकेआयची ऑर्डर, सुमारे १३,५०० कोटी, विमानं आमच्या ओझरला बनणार, स्वदेशी वाटा ६२.६ टक्के. दोन्ही खर्च अर्थसंकल्पात ‘भांडवली’ याच नावाखाली बसतात. जिल्ह्याच्या अर्थकारणाला मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ओझरचा कारखाना १९६४ सालचा, मिग-२१ साठी उभारलेला. त्याच्या आधाराने नाशिकमध्ये टूलरूम, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, मोजमापाच्या लॅब आणि हजारो कुशल हात तयार झाले. हे हात पुढे वाहन उद्योगालाही उपयोगी पडले. अर्थशास्त्रवाले ज्याला ‘स्पिल-ओव्हर’ म्हणतात तो आमच्याकडे असा दिसतो: विमानाच्या भागावर मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) सांभाळायला शिकलेला ऑपरेटर दोन हजार रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारच्या पंपाच्या कंपनीत जातो. माझा तोटा, देशाचा फायदा!

पण ‘स्वदेशी’ हा शब्दही खरवडून बघावा लागतो. तेजस मार्क-१ए या हलक्या लढाऊ विमानाची तिसरी असेंब्ली लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला सुरू झाली, आनंदच आहे. इंजिन मात्र अमेरिकेच्या जीईचं. माझ्या टेबलावरचंच उदाहरण घ्या. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट. ठोकळा ग्राहकाकडून येतो, सोबत टेस्ट सर्टिफिकेट आणि हीट नंबर (धातू कोणत्या घाण्यातला, ते सांगणारा). कापून कापून दहा किलोच्या ठोकळ्यातून कधी कधी किलोभराचाच भाग उरतो, आणि बाकीचा चुरासुद्धा वजन करून परत द्यायचा असतो. मशीन जपानी. कापायच्या कार्बाइडच्या पात्या, म्हणजे इन्सर्ट्सही बहुतेक बाहेरच्याच. मग माझ्या बिलात देशी काय? ऑपरेटरचा पगार, वीज, प्रोग्रामिंग, इन्स्पेक्शन, गाळ्याचं भाडं. तेही कमी नाही, पण माझं बिल ‘शंभर टक्के स्वदेशी’ म्हणून मोजलं गेलं तर ते खरं नाही.

निर्यातीचा आकडाही असाच चाळा. २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी, २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी. झेप मोठीच आहे. त्यात फिलिपिन्सला विकलेल्या ब्रह्मोससारखी पूर्ण शस्त्रं किती आणि परदेशी कंपन्यांना पुरवलेले सुटे भाग किती, हे वेगळं करून विचारायचं.

यातून अर्थव्यवस्था वाढते का?

सरळ उत्तर देणाऱ्यापासून सावध राहा. एमिल बेनॉइट या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७३ साली ४४ विकसनशील देशांची आकडेवारी मांडली आणि जास्त संरक्षण खर्च करणारे देश जास्त वेगाने वाढले असं दाखवलं. नंतरच्यांनी बोट ठेवलं: त्यातल्या बऱ्याच देशांना परकी मदतही भरपूर मिळत होती, मग वाढ नेमकी कशामुळे? अमेरिकेतच मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी उलटा हिशेब केला, की तेवढेच डॉलर शिक्षणात किंवा आरोग्यात घातले तर रोजगार जास्त निर्माण होतात.

मी एवढंच तपासते: कारखाने रिकामे आहेत की भरलेले? रिकामे असतील तर संरक्षणाची ऑर्डर त्यांना काम देते. भरलेले असतील तर तोच माल, तेच कामगार, तेच बँकेचे पैसे यांच्यासाठी ओढाताण सुरू होते आणि भाव चढतात. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपला संरक्षण खर्च जीडीपीच्या दोन टक्क्यांवरून चारच्या घरात गेला. पाठोपाठ १९६५ चं युद्ध, अमेरिकेने थांबवलेली मदत, दुष्काळ, जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन, आणि १९६६ ते ६९ पंचवार्षिक योजनेलाच सुट्टी. दोष एकट्या संरक्षण खर्चावर टाकणं चूक, पाऊसही दोन वर्षं रुसला होता. पण तिजोरीत मोकळीक नव्हती, हेही तितकंच खरं.

आजची मोकळीक किती, हे बघायला आणखी दोन आकडे शेजारी लिहा: २०२५-२६ ची अंदाजित वित्तीय तूट (कर्ज काढून भागवायचा खर्च) १५.६९ लाख कोटी आणि व्याजाचा खर्च १२.७६ लाख कोटी. म्हणजे संरक्षणाच्या जवळपास दुप्पट रक्कम नुसत्या व्याजात जाते. संरक्षणासाठी वाढवलेला रुपया दुसऱ्या खात्यातून काढावा लागतो, नाहीतर कर्जाऊ घ्यावा लागतो. ‘अजून द्या’ म्हणणाऱ्याने यातलं काय, ते सांगायला हवं. मीही त्यात आले, कारण ऑर्डर वाढलेली मला हवीच असते.

कागद कुठे मिळतील? अर्थ मंत्रालयाच्या बजेटच्या संकेतस्थळावर अनुदानाच्या मागण्या (प्रत्येक खात्याने संसदेकडे मागितलेल्या रकमांचे कागद) असतात, त्यात संरक्षणाच्या चार उघडा. मग संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल घ्या. तो कंटाळवाणा आहे, पण त्यात दलांनी मागितलं किती आणि मिळालं किती याचे तक्ते असतात. मी चहा घेऊन आधी तेच उघडते.