लेमन कर्डची भुर्जी झाली, मग कशी सावरली

आई फोनवर म्हणाली, "लिंबू पिळलेलं दही का गं ते?" अगं नाही, दह्याचा काही संबंधच नाही, लिंबाचा रस, साखर, अंडी आणि बटर शिजवून केलेला पिवळाधमक दाटसर प्रकार. इथे इंग्लंडमध्ये स्कोनला (छोटा, केकसारखा पाव), टोस्टला जॅमसारखा लावतात, जुनी माणसं लेमन चीज पण म्हणतात (चीज पण नसतं त्यात 😄).

तर पहिल्यांदा मी घाईत पातेलं डायरेक्ट गॅसवर ठेवलं आणि दोन मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या, वर अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं म्हणून धातूची विचित्र चव. ते गेलं सिंकमध्ये.

दुसऱ्यांदा स्टीलचं भांडं घेतलं, खाली उकळतं पाणी पण भांड्याला टेकू द्यायचं नाही, ३ पिवळे बलक, १ आख्खं अंडं, १०० ग्रॅम साखर, २ मोठ्या लिंबांचा रस आणि किसलेली साल (फक्त पिवळी, पांढरा भाग कडू लागतो) आणि सतत ढवळत राहिले, हात दुखला तरी. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं आणि रेघ तशीच राहिली की उतरवायचं, मग ६० ग्रॅम थंड बटर तुकडे करून घालायचं, शेवटी गाळणीतून गाळायचं. एखादी बारीक गुठळी असेलच तर गाळणीत अडकते.

गरम असताना पातळ वाटतं, घाबरू नका, फ्रिजमध्ये घट्ट होतं. आठवडाभर टिकतं, आमच्याकडे तीन दिवसांत संपलं. चक्क्यात दोन चमचे ढवळून खाल्लं, श्रीखंडापेक्षा मला तेच आवडलं, आईला सांगितलं नाहीये.