फ्लो लाँचरमध्ये फुकटचे प्लगिन टाकून तो खरंच कामाचा कसा करायचा

विंडोजवर फ्लो लाँचर बरेच जण टाकतात, ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबलं की एक पट्टी उघडते, त्यात प्रोग्रामचं नाव टाइप करायचं, एंटर मारायचं, आणि बहुतेकांचा वापर तिथेच थांबतो. पण हे ॲप मुळात प्लगिनवरच, म्हणजे त्याला एकेक काम जोडून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामवरच उभं आहे. प्रोग्राम शोधणं, आकडेमोड, फाइल शोधणं ही सगळी कामं आतमध्ये वेगवेगळे प्लगिनच करतात, त्यामुळे आपल्या गरजेचे आणखी दोनचार जोडणं अगदी सोपं आहे. ॲप ओपन सोर्स आणि फुकट आहे, आणि स्टोअरमधून प्लगिन घ्यायलाही पैसे लागत नाहीत.

नवीन काही टाकायच्या आधी जे आहे ते बघून घ्या. पट्टीत फक्त प्रश्नचिन्ह टाइप करा, कुठला प्लगिन कुठल्या कीवर्डने, म्हणजे आधी टाइप करायच्या शब्दाने चालतो त्याची यादी येते. आकडेमोड थेट टाइप केली की उत्तर येतं, किल लिहून प्रोग्रामचं नाव दिलं की अडकलेला प्रोग्राम बंद करता येतो, ब्राउझरचे बुकमार्क शोधता येतात, आणि वेब सर्चच्या सेटिंगमध्ये तुम्ही रोज वापरता त्या साइटचा सर्चचा पत्ता टाकून त्याला स्वतःचा कीवर्ड देता येतो, पत्त्यात जिथे शोधायचा शब्द यायला हवा तिथे महिरपी कंसात इंग्रजी क्यू लिहायचा. एवढ्यानेच निम्मी गरज भागते असं माझं मत आहे.

फाइल शोधण्यासाठी मात्र एक गोष्ट नक्की करा. व्हॉइडटूल्सचं एव्हरीथिंग हे फुकट ॲप टाका आणि ते चालू ठेवा. ते एनटीएफएस (विंडोजची नेहमीची साठवण पद्धत) ड्राइव्हवरची फाइलींची मूळ नोंदच वाचतं, एकेक फोल्डर उघडून बघत बसत नाही, म्हणून लाखो फाइली असल्या तरी नाव टाइप करता करता रिझल्ट समोर येतो. मग फ्लोच्या सेटिंग्जमध्ये प्लगिन, त्यात एक्सप्लोरर, आणि तिथे इंडेक्स सर्च इंजिन म्हणून एव्हरीथिंग निवडा. एक काळजी घ्या, एव्हरीथिंगची लाइट आवृत्ती घेऊ नका, तिच्याशी दुसऱ्या ॲपला बोलता येत नाही, त्यामुळे फ्लोला ती उपयोगी पडत नाही.

आता नवीन प्लगिन. पट्टी उघडी असताना कंट्रोल आणि आय दाबलं की सेटिंग्ज उघडतात, तिथे प्लगिन स्टोअरवर जा, वरच्या सर्चमध्ये काय हवं ते टाइप करा आणि इन्स्टॉल करा. सेटिंग्जमध्ये न जाताही होतं: पट्टीत इंग्रजी पी आणि एम ही दोन अक्षरं, मग इन्स्टॉल हा शब्द, मग प्लगिनचं नाव. टाकून झालं की फ्लो रिस्टार्ट करावा लागतो. काही प्लगिन पायथॉनमध्ये लिहिलेले असतात तर काही जावास्क्रिप्टमध्ये, तेव्हा पहिल्यांदा टाकताना पायथॉन किंवा नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) लागेल असं फ्लो विचारतो, त्याला हो म्हटलं की तो स्वतःच उतरवून घेतो.

काय टाकावं? रोज दहादा करता त्या कामाचा प्लगिन आधी टाका. कॉपी केलेल्या गोष्टींची हिस्टरी ठेवणारा, उघड्या विंडोंमधून हवी ती शोधून समोर आणणारा, मोजमापं बदलून देणारा, हे जवळजवळ सगळ्यांच्या कामाचे. कोड लिहिणाऱ्यांनी व्हीएस कोड वर्कस्पेसेस घ्यावा, प्रोजेक्टचं नाव टाइप केलं की थेट तेच उघडतं. ऑब्सिडियनमध्ये नोट्स ठेवणाऱ्यांसाठीही प्लगिन आहे. पण प्लगिन फुकट म्हणजे मागची सेवाही फुकट असं नाही हं, स्पॉटिफायची गाणी लाँचरमधून बदलायची तर प्रीमियम खातं लागतं, आणि एआयला प्रश्न विचारणाऱ्या प्लगिनना बहुतेक वेळा स्वतःची एपीआय की (त्या एआय सेवेकडून मिळणारा गुप्त कोड) द्यावी लागते, जिच्या वापराचं बिल वेगळं येतं.

आता खरी महत्त्वाची पायरी, जी बहुतेक जण सोडून देतात: कीवर्ड. सेटिंग्जमध्ये प्लगिनच्या नावावर क्लिक केलं की ॲक्शन कीवर्ड दिसतो. तिथे स्टारचं चिन्ह (*) असेल तर तो प्लगिन तुम्ही टाइप केलेल्या प्रत्येक गोष्टीवर चालतो, असे पाचसहा झाले की साधा ब्राउझर उघडायला गेलात तरी वर भलतेच रिझल्ट येतात आणि लोक म्हणतात लाँचर बिघडला. प्रोग्राम आणि फाइल सोडून बाकी सगळ्यांना एकदोन अक्षरांचा स्वतःचा कीवर्ड द्या, बोटांना सोपा पडेल असा. स्टारवर ठेवायचाच असेल तर शेजारी प्रायॉरिटीचा आकडा असतो, जास्त आकडा म्हणजे रिझल्ट वर. जो कीवर्ड सारखा लागतो त्याला सेटिंग्जमधल्या हॉटकीच्या पानावर कस्टम क्वेरी हॉटकी देऊन टाका, मग एकाच शॉर्टकटने पट्टी तो कीवर्ड आधीच भरून उघडते.

वेगाचंही तिथेच कळतं. प्रत्येक प्लगिनखाली सुरू व्हायला आणि रिझल्ट द्यायला किती मिलिसेकंद लागले ते लिहिलेलं असतं. टाइप करताना अडखळल्यासारखं वाटलं तर ज्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा खूप मोठा आहे तो बंद करून बघा.

सुरक्षेबद्दल मनापासून सांगावंसं वाटतं. प्लगिनला वेगळी कुंपणं नसतात, तुमच्या खात्याला जे करता येतं ते सगळं त्यालाही करता येतं, म्हणून टाकायच्या आधी त्याच्या पानावर जाऊन कोड कोणी लिहिलाय, शेवटचा बदल कधी झालाय, लोकांच्या तक्रारींना उत्तरं मिळतायत का, एवढं तरी बघा. क्लिपबोर्ड हिस्टरीवाल्याकडे जास्तच लक्ष द्या कारण कॉपी केलेले पासवर्डही त्यात जाऊन बसू शकतात, ती किती वेळ साठते आणि पुसता कशी येते हे सेटिंगमध्ये आधी शोधा.

एखादा नुसता चालेनासा झाला तर पट्टी उघडून एफ५ दाबा, प्लगिनचा डेटा पुन्हा लोड होतो. तरीही नाही झालं तर रिस्टार्ट करा, आणि वापरच होत नसेल तर पी एम, मग अनइन्स्टॉल आणि नाव. सगळं नीट बसलं की पट्टीत यूजरडेटा टाइप करून उघडणाऱ्या फोल्डरची एक कॉपी दुसरीकडे ठेवा, प्लगिन आणि त्यांच्या सेटिंग्ज त्यातच असतात.