कोल्हा आणि सिरम: खाडीकाठच्या सोसायटीची तयारी

खारफुटीला लागून असलेल्या सोसायट्यांनी ही तयारी मे महिन्यातच उरकायची. चेंबूर, ट्रॉम्बे, मानखुर्द, विक्रोळी, खाडीपलीकडे वाशी-खारघर, या पट्ट्यात सोनेरी कोल्हा पूर्वीपासून आहे. आठ-दहा किलोचा जीव, तोंड निमुळतं, शेपूट झुबकेदार आणि टोकाला काळपट. माणूस दिसला की सहसा स्वतःच वाट सोडतो. काळजी आहे ती रेबीजची. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांच्या तपासणीत रेबीज निघाला होता. म्हणून कुंपण, दिवे, फलक वगैरेच्या आधी एक फोन करा.

फोन जवळच्या पालिका रुग्णालयाला. ‘रेबीजचं इंजेक्शन आहे का’ असं विचारू नका. ‘आहे’ म्हणतात, ते लसीबद्दल असतं, आणि कमिटी निर्धास्त होते. विचारायचं असं: ‘अँटी-रेबीज सिरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, रात्री अकरा वाजता मिळेल का?’ लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा-दहा दिवस जातात. तोवर विषाणूला जखमेतच अडवतं ते सिरम. कातडी फाटून रक्त आलं की ते लागतंच. मात्रा वजनावर ठरते: घोड्यापासून केलेलं असेल तर किलोला ४० युनिट, मानवी असेल तर २०. साठ किलोच्या माणसाला घोड्याचं २४०० युनिट, म्हणजे १५०० युनिटच्या दोन कुप्या. ‘एक शिल्लक आहे’ या उत्तरावर फोन ठेवू नका. दुसरं रुग्णालयही विचारून ठेवा आणि दोन्हींचे नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लावा. बहुतेक याद्यांतून नेमकं हेच गळतं.

कचऱ्याला झाकण. हे सांगायला नको, फक्त रविवारची कोंबडीची हाडं आणि कोळंबीची सालं रात्रभर बाहेर राहणार नाहीत एवढं बघा. भटक्या कुत्र्या-मांजरांना खाऊ घालणाऱ्यांशी भांडत बसू नका. त्यांना खाडीपासून लांबची जागा आणि दिवसाची वेळ ठरवून द्या, अर्ध्या तासात भांडी उचलायला सांगा. आवारातल्या कुत्र्यांना दरवर्षी लस हवीच, कारण कोल्हा आणि कुत्रा एकाच उकिरड्यावर भेटतात आणि भांडतात.

आता कुंपण. भिंतीच्या बाहेरच्या अंगाने, हातात टेप आणि खडू घेऊन चाला. चार बोटांहून मोठी फट दिसली की खूण करा. फाटकाखालची खचलेली जमीन, जाळीचा उचललेला तळ, किरकोळ वाटणारं भोक. कडेला पिवळट-करडे केस अडकलेले असतील तर ती चालू वाट समजा. जाळी दोन इंची वेल्डमेश घ्या, आणि तिचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला काटकोनात वाकवून मातीखाली गाडा. कोल्हा खणतो तो कुंपणाच्या बुडाशी, तिथे त्याच्या पंजाला जाळी लागली पाहिजे. कंत्राटदार सोपं म्हणून ती आत वाकवतो. उभं राहून करून घ्या. पावसाळी गटाराच्या तोंडावर पक्की जाळी ठोकू नका: पहिल्याच पावसात प्लास्टिक अडकून आवारात पाणी तुंबतं, मग कोणीतरी जाळी कापतं आणि भोक पूर्वीपेक्षा मोठं होतं. उभ्या सळ्यांची, बिजागरीवर उघडणारी झडप लावा. कुठलंही बीळ बुजवण्याआधी तोंडाशी पाला आणि कागद सैल कोंबून तीन दिवस थांबा. हललं नसेल तरच बुजवा. हललं असेल तर आत पिल्लं असू शकतात, वनखात्याला विचारल्याशिवाय हात लावू नका.

मोठ्या भरतीच्या रात्री, त्यात मुसळधार पाऊस, की खारफुटीतले प्राणी बांधावर येतात. भरतीचं वेळापत्रक केबिनमध्ये लावा. त्या रात्री मागचं फाटक बंद.

समोरासमोर गाठ पडलीच तर पळायचं नाही. मूल उचलायचं, टॉर्च मारायचा, ताट बडवायचं, आणि त्याला निघायला वाट मोकळी ठेवायची. दिवसाढवळ्या झोकांड्या देणारा, लाळ गाळणारा, आवाजाला न हटणारा असेल तर हाकलायच्या भानगडीत पडू नका. सगळे आत, दारं बंद, वनखात्याला १९२६. काठ्या घेऊन त्याला कोपऱ्यात गाठणारे शूरवीर आधी आवरा, चावे त्यांनाच बसतात.

चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. टाक्यांची घाई नाही. ‘दहा दिवस प्राण्यावर लक्ष ठेवू’ हा नियम पाळीव कुत्र्या-मांजराचा, कोल्ह्याला लागू नाही. आणि सिरम. दंडात लस टोचून ‘उद्या या’ म्हणाले तर तिथेच थांबून सिरम मागा. ते जखमेत आणि तिच्या भोवती टोचायचं असतं, दुखतं, तरी घ्यायचं. पहिल्याच दिवशी, फार तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांत. पुढे उपयोग नाही. लस दंडाच्या स्नायूत असेल तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी.

वॉचमन आणि सफाई कामगारांना आधीच तीन डोस देऊन ठेवा: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. पुढे चावा बसला तर त्यांना सिरम लागत नाही, दोन डोस पुरतात. खर्च सोसायटीचा, यावर सभा नको.

सिरमचा साठा दर महिन्याला विचारा, संपतो.

राहिलं ते थोडक्यात. पैसे देऊन पकडणारा बोलावू नका, कोल्हा कायद्याने संरक्षित आहे आणि जागा रिकामी झाली की दुसरा येतो. ठिकाणासकट व्हिडिओ टाकू नका, गर्दी जमते. जिन्याखालचा बल्ब बदला.